थांबावं की घ्यावं

७ सप्टेंबर, रविवार

आज नितेशने मला पकडलं. श्यामने स्लेटवर ‘चहा?’ असं लिहिलं आणि मी त्याच्या हातातून पेन घेऊन खाली ‘ठेवते’ असं लिहिलं. नितेश दारात चपला काढत होता, तो तसाच एका पायावर थांबला.

“वयनी, त्येचो आवाज गेलो, कान खंय गेले? तू लिवतंस कित्याक?”

खरंच, मी कशाला लिहीत होते? श्याम हसला. आता त्याचं हसणं म्हणजे फक्त खांदे हलतात आणि गळ्याला बांधलेला जाळीचा रुमाल जरासा फुगतो.

एप्रिलमध्ये त्याचं ऑपरेशन झालं. घशातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. श्वास आता गळ्याला केलेल्या भोकातून घेतो. बटण दाबलं की पुसली जाते तसली लहान मुलांची स्लेट आणली आणि तो तिच्यावर लिहायला लागला. मी कधी लिहायला लागले, ते खरंच आठवत नाही. त्याला बोलता येत नसताना आपण धडाधडा बोलायचं, हे बहुतेक उद्धटपणाचं वाटलं असावं. त्यात माझी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात. दिवसभर हळू बोलायचं आणि घरी येऊन गप्प बसायचं.

नितेश आणि श्याम यांचं घाटकोपरला भागीदारीत कॉम्प्युटर जुळवून द्यायचं दुकान आहे. सध्या नितेश एकटाच बघतो. त्याने मोबाइलवर आलेख दाखवले. जानेवारीत नवी चिप येणार आहे, तिचे आकडे कुठूनतरी फुटलेत. “चाळीस टक्के फास्ट, यार. चाळीस! गिऱ्हाइकं वेडी झालीत. रोज एकच प्रश्न, थांबू की घेऊ. हा असता काउंटरवर तर एकेकाला समोर बसवून सांगितलं असतं.”

श्यामने लिहिलं, ‘१५. फार तर.’

“तुझं हे असंच. वयनीला बघून आलेला तेव्हा पण मी विचारलं, कशी आहे? तर म्हणतो, बरी आसा, फार तर.”

हे मला आजच कळलं. श्यामने बटण दाबून कोरी स्लेट तोंडासमोर धरली.

मग नितेशनेच काढलं, की व्हिडिओ करू या, मराठीतून. श्यामने लिहावं आणि कोणीतरी बोलावं. कोणी बोलायचं यावर दोघं माझ्याकडे बघत राहिले. मला यातलं ओ की ठो कळत नाही, असं मी मोठ्याने म्हणाले. बऱ्याच दिवसांनी मोठ्याने म्हणाले बहुतेक, कारण श्यामने एकदम वर बघितलं.

१४ सप्टेंबर

आतल्या खोलीत खिडकीला गादी लावली. पंखा बंद. श्याम हेडफोन लावून समोर आणि मी दिव्याखाली. त्याने चार पानं लिहून दिली होती, सुवाच्य, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून. मला वाटलं होतं डोक्यावरून जाईल, पण त्याने मिसळणाच्या डब्याचं उदाहरण दिलं होतं. प्रत्येक वेळी मोहरीसाठी फळीवरची बरणी काढायची की डबा शेजारीच ठेवायचा? चिपच्या आत असाच एक जवळचा डबा असतो, त्याला कॅशे म्हणतात, आणि नव्या चिपमध्ये तो मोठा असणार अशी बोलवा आहे. डबा मोठा झाला म्हणून स्वयंपाक दुप्पट वेगाने होत नाही, गॅस तेवढाच असतो.

हे मला समजलं. समजल्याच्या आनंदात मी पुढचं कंसातलंही वाचून टाकलं: “इथे पाणी पी. आवाज दमलाय.”

मी जीभ चावली. तो कापेल असं वाटलं होतं. त्याने नुसता अंगठा वर केला, पुढे वाच.

१६ सप्टेंबर

कंसातलं वाक्य त्याने कापलंच नाही. मुद्दाम की विसरला कोण जाणे. व्हिडिओखाली कोणीतरी विचारलंय, ‘ताई, पाणी प्यायलात का?’ आणखी एकाने लिहिलंय की चिपचं समजलं नाही, पण ऐकत राहावंसं वाटलं.

श्याम एडिट करायला म्हणून तोच तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावून ऐकत बसतो. आज भाजी करपेपर्यंत हेडफोन काढला नाही. काम अगदी चोख करायचा सोस पहिल्यापासूनच आहे. त्याला आता वास येत नाही, त्यामुळे करपल्याचं मलाच सांगावं लागलं.

२५ सप्टेंबर

डॉक्टर म्हणाले, आता झडप बसवायला हरकत नाही. अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यामध्ये एक छोटी झडप. बोलताना गळ्यावरच्या भोकावर अंगठा दाबायचा, की हवा आतून वळते आणि आवाज निघतो. छोटंसं काम आहे, दोन दिवसांत घरी.

श्यामने स्लेटवर लिहिलं, ‘आवाज कसा असेल?’

“माणसागणिक वेगळा. समोरच्याला समजेल असं बोलाल, एवढं म्हणू शकतो. तुमचा पूर्वीचा आवाज नसेल तो.”

‘जुन्याच्या किती टक्के?’

डॉक्टर हसले. “टक्क्यांत कसं सांगू? काहींचा छान लागतो, काहींना वेळ लागतो. थोड्या जणांना नाहीच जमत.”

मी बाहेर येऊन तारीख विचारणार होते. रिक्षात बसल्यावर त्याने लिहिलं, ‘चिप येऊन जाऊ दे. मग बघू.’

नखाएवढ्या सिलिकॉनसाठी माणूस स्वतःचा आवाज पुढे ढकलतो. त्याला बोलावंसंच वाटत नाही का? माझ्याशीसुद्धा?

घरी येऊन भांडी जोरात आपटली. त्याला ऐकू येतंच.

११ ऑक्टोबर

कांजूरमार्गची प्रांजल आली होती, स्वतःचा कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून, रिक्षाने. लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. सात-आठ वर्षांपूर्वी श्यामनेच तिला मशीन जुळवून दिलं होतं. आता ते मध्येच बंद पडतं.

श्यामने बाजूचं झाकण काढलं आणि सवयीने नाक आत घातलं. मग थांबला. पूर्वी तो नुसत्या वासावरून सांगायचा, काय जळलंय ते. आता नाकातून हवाच जात नाही. त्याने माझ्याकडे बघून बोटाने खूण केली, ये.

मी वाकून हुंगलं.

“कसला?” प्रांजल म्हणाली. “मला तर काहीच येत नाही. आमच्याकडे डम्पिंग ग्राउंडचा वारा सुटला ना काकू, की बाकी कसलाच वास कळत नाही. नाकं मेलीत आमची.”

“सुकटीसारखा,” मी म्हणाले. “डबा उघडल्यावर येतो तसा. पण थोडा गरम.”

श्यामचा चेहरा उजळला. ‘कपॅसिटर,’ त्याने लिहिलं आणि टॉर्चने दाखवलं. एका बारक्या नळकांड्याचं डोकं फुगलं होतं. मला उगाचच शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं. पण बोर्ड आणखी तीन ठिकाणी गेलाय. दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

“मग मी जानेवारीपर्यंत थांबते ना काका,” प्रांजल म्हणाली. “चाळीस टक्के म्हणजे काय, रात्री लावलेली फाइल सकाळी तयार. आत्ता घेतलं आणि जानेवारीत ते आलं, तर मी रडत बसेन.”

‘तुळशीचं लग्न कधी?’ श्यामने लिहिलं.

ती हसली. “दिवाळी झाली की. सीझन सुरूच होतो.”

‘मग सीझन कशावर करणार?’

भावाचा लॅपटॉप आहे, मैत्रिणीकडे जाऊन करीन, असं काहीबाही म्हणाली. तेही जमण्यासारखं नाही, हे तिलाही कळत होतं. “पण काका, इतके दिवस थांबले, अजून थोडं. एकदाच घ्यायचं तर चांगलंच घ्यावं ना.”

ती गेल्यावर तो बराच वेळ लिहीत बसला. स्लेटवर नाही, कागदावर. पुढचा भाग ‘थांबावं की घ्यावं’ यावर करायचा म्हणतो.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज रेकॉर्डिंग झालं आणि काहीतरी बिघडलं. काय, ते कळत नाही.

पानं नेहमीपेक्षा जास्त होती. एवढं लांब लिहू नकोस, लोक कंटाळतात, असं मी दर वेळी सांगते, तो खांदे उडवतो. सुरुवातीला लीकबद्दल होतं, की फुटलेले आकडे नेहमी चिपच्या सगळ्यात चांगल्या दिवसाचे असतात: थंड खोली, निवडक प्रोग्रॅम. मग शेवटचं पान आलं. ते इथे उतरवून ठेवते, कारण मला ते आवडलं.

‘येणारी चिप कागदावर कितीही वेगवान असो, आज ती काहीच काम करत नाही. पुढचं नेहमीच जास्त चांगलं वाटतं, कारण ते अजून कोणी वापरलेलं नसतं. त्याच्यात दोष निघायला वेळच मिळालेला नसतो. माझ्या काउंटरवर थांबणारी खूप माणसं आली. त्यातली काही अजून थांबलेली आहेत. ज्याचं काम आज अडलंय, त्याने आज जे मिळतंय ते घ्यावं. ते मनासारखं नसेल. थोडं खरखर करेल, थोडं तापेल. पण त्याच्यावर काम होईल, आणि समोरचा माणूस तुमच्या कामाची वाट बघतोय. त्याला तुमच्या चिपचा वेग माहीत नसतो, त्याला तुम्ही हवे असता.’

चांगलं वाचलं, असं मला वाटलं. घाई केली नाही. वर बघितलं तर ‘झालं’ म्हणून श्यामने हात वर केलेला नव्हता. रेकॉर्डिंग चालूच होतं. तो दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून जमिनीकडे बघत बसला होता. मी थांबले. मग म्हणाले, “झालं रे.” त्याने हेडफोन खाली ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

मी मागे गेले. “बँडविड्थ हा शब्द चुकला ना? परत घेऊ या का?” त्याने मान हलवली. रुमाल ओला झाला होता, खोकला आला असेल. मी दुसरा आणून दिला.

जेवताना त्याने काही लिहिलं नाही. शब्द नक्कीच चुकला असणार.

२८ ऑक्टोबर

सकाळी डबा भरत होते तेव्हा त्याने स्लेट ओट्यावर ठेवली. ‘डॉक्टरांची वेळ घे.’

दुखतंय का, असं विचारलं. त्याने खाली लिहिलं, ‘झडप.’

मी पोळी लाटायचं सोडून त्याच्याकडे बघत राहिले. आता कसं काय? त्याने खांदे उडवले.

संध्याकाळी नितेशच्या फोनवरून उलगडा झाला. चिप जानेवारीत येत नाही, फेब्रुवारीवर गेली म्हणे. म्हणूनच. आता इतकं कोण थांबणार, असा विचार केला असेल. ज्या कोणी ती तारीख पुढे ढकलली त्याचं भलं होवो.

प्रांजलने व्हिडिओ बघून फोन केला होता. आत्ताच्या चिपवर मशीन जुळवून द्या म्हणाली. श्याम लगेच पार्ट्स काढायला बसला.

१९ नोव्हेंबर

झडप बसून आठवडा झाला. आज स्पीच थेरपिस्ट बाईंनी पहिल्यांदा अंगठा ठेवायला सांगितलं. “आ म्हणा, श्यामसुंदर. जोर नको, नुसता श्वास सोडा.” नुसती हवा. पुन्हा नुसती हवा. मग एकदम आवाज आला.

मी बाहेरच्या बाकावर होते, दार अर्धं उघडं होतं. मला वाटलं कोणीतरी स्टूल सरकवलं.

हे कुठेतरी लिहिलंच पाहिजे, म्हणून लिहिते. मला तो आवाज आवडला नाही. भीती वाटली. मी इतके महिने ज्याची वाट बघत होते तो हा नव्हता. मी वाट बघत होते ती फोनवर “वसू, निघालो गं” म्हणणाऱ्या आवाजाची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, तो नसेल म्हणून. माझ्या कानांनी ते ऐकलंच नव्हतं.

तो बाहेर आला तेव्हा मी हसले. तो माझ्याकडे नीट बघत होता. ग्रंथालयात पुस्तक हरवलं की मुलं माझ्याकडे बघतात तसा.

७ डिसेंबर

घरात तो बोलतच नाही. स्लेट चालू आहे. बाथरूममध्ये मात्र नळ मोठा सोडून सराव करतो. एक, दोन, तीन. सोमवार, मंगळवार. मग माझं नाव. ‘वसुधा’मधला ध त्याला जमत नाही, तो पुन्हा पुन्हा घेतो. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकते आणि नळ बंद झाला की डाळ ढवळायला लागते.

थेरपिस्ट बाई म्हणतात, प्रगती चांगली आहे, घरी बोलायला हवं. मी सांगितलं तर ऐकत नाही. हट्टी आहे. का जीवावर येतं त्याला, कळत नाही. मी तर त्याला एका शब्दानेही काही म्हटलेलं नाही.

मी मात्र हल्ली खूप बोलते. ग्रंथालयातल्या गमती, खालच्या मजल्यावरच्या रत्नप्रभाताईंची भांडणं, आज मिठागर रोडला काय दिसलं, भाजीला कसला वास आला. पूर्वी मी अशी नव्हते. तो हातातलं काम थांबवून ऐकतो.

३ जानेवारी

आज नळ बंद झाला आणि मी डाळीकडे वळायच्या आत तो बाहेर आला. पळीसकट पकडलं. त्याने फ्रिजवरची स्लेट घेतली.

‘जुन्याच्या किती टक्के?’

खोटं बोलले असते तर त्याला कळलं असतं, आणि खरं कोणत्या तोंडाने सांगणार. पण इतके महिने त्याचीच पानं वाचतेय, ती कामाला आली.

“मी ऐकलं ते भिंतीपलीकडून, नळ चालू असताना,” मी म्हणाले. “असल्या टेस्टचे आकडे सांगू नयेत असं तूच लिहिलं होतंस. मशीन समोर ठेवायचं, रोजचं काम द्यायचं, गरम होऊ द्यायचं, मगच बोलायचं.”

त्याचे खांदे हलले.

“आणि नवं मशीन पहिल्या दिवशी नकोसंच वाटतं,” मी म्हणाले. हे कुठल्या पानावर नव्हतं. “मला तरी वाटलं. हात बसायला वेळ लागतो. मला दे ना वेळ.”

त्याने माझ्या हातातली पळी घेऊन डाळ स्वतः ढवळली. खाली लागली होती.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

चिप आली. नितेशच घेऊन आला, खिशात, रुमालात गुंडाळून. “उपास आहे माझा, खिचडी केलीस तर थांबतो.” केलीच होती. प्रांजलही आली. सीझन तिने नव्या मशीनवर पार पाडला, आता आमचा कॅमेरा तीच सांभाळते. “काकू, चष्मा खाली घ्या, दिवा चमकतोय.”

जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडा ठेवून श्याम सकाळपासून मोजत होता. आधी जुनी चिप, मग नवी, तेच काम, त्याच खोलीत, पंखा त्याच वेगावर. नितेश मागून डोकावायचा आणि श्याम वही झाकायचा.

“चाळीस नसेल, तीस तरी? पंचवीस? अरे मान तरी हलव, मेल्या.”

चार वाजता रेकॉर्डिंगला बसलो. पानं हातात आली. मी आधी चाळून बघत नाही, त्याला ते आवडत नाही. म्हणतो, पहिल्यांदा वाचतेस तेव्हा चांगलं वाचतेस.

मी वाचत गेले. कोणत्या कामाला किती फरक पडला, वीज किती खाते, तापते किती. कंसात काही नव्हतं. शेवटच्या पानावर वाक्य होतं: ‘सगळ्या चाचण्यांची सरासरी काढली, तर नवी चिप जुनीपेक्षा वेगवान आहे ती’, आणि पुढे कोरी जागा.

“इथे आकडा भरायचा राहिलाय,” मी म्हणाले.

श्यामने हेडफोन काढला. खुर्ची पुढे ओढून तो माझ्या शेजारी, दिव्याच्या उजेडात आला. प्रांजलने कॅमेरा थोडा वळवला. त्याने रुमाल बाजूला केला, अंगठा गळ्यावर ठेवला, श्वास घेतला.

“चौदा,” तो म्हणाला. मग थांबून, नवा श्वास घेऊन, “टक्के. फार तर.”

जाड, खरबरीत आवाज. आता खोलीत नळ नव्हता, मध्ये भिंत नव्हती. ‘फार तर’ म्हणताना तो शेवटचा शब्द थोडा खाली सोडतो, काउंटरवर बसून सोडायचा अगदी तसाच. ते त्या ऑपरेशनमध्ये गेलं नव्हतं.

नितेश दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. चौदा ऐकून तो वळून स्वयंपाकघरात गेला.

श्यामने माझ्याकडे बघितलं. पुढची ओळ माझी होती. माझ्याच्याने ती वाचवेना.

“आवाज नीट आला नाही,” मी म्हणाले. “परत घे.”

प्रांजलने कॅमेरा चालूच ठेवला. त्याने पुन्हा अंगठा ठेवला आणि पुन्हा म्हणाला. मग मी आणखी एकदा घ्यायला लावलं.

आवाज पहिल्याच वेळी नीट आला होता.